पूर्वेकडचा ठिपका

कुठल्याही गावात गेले की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "अंगण कोण झाडतं?"

समोर सरपंच असोत, शाळेचे मुख्याध्यापक असोत, नाहीतर ज्यांच्या ओट्यावर चहा घेतोय ते घरमालक असोत, प्रश्न हाच. माणसं गोंधळायची. आलेला पाहुणा पाऊसपाणी विचारतो, फार तर कांद्याचं विचारतो. घरातल्या झाडणाऱ्या बाईची चौकशी करणारा, पन्नाशीतला, जाड चष्म्याचा गृहस्थ त्यांनी कधी पाहिलेला नसायचा. संगमनेरच्या वरच्या अंगाला एका वाडीत तर दोघे भाऊ काठ्या घेऊन उभे राहिले होते. ही हकीकत ते स्वतःच मला सांगायचे, आणि दोष भावांना देत नसत. म्हणायचे, "बाई, मी नाव-गाव सांगायच्या आधी त्यांच्या घरातल्या बाईची चौकशी केली. काठी नाही उचलणार तर काय करणार?"

कारण साधं होतं. दिव्यावर आलेला पतंग पहाटे तिथंच भिंतीवर बसून राहतो. उजाडलं की साळुंक्या आणि कोतवाल येतात, त्याचं अंग खातात, आणि पंख खाली पडतात. हे पंख सगळ्यांत आधी दिसतात ते झाडू घेऊन आलेल्या बाईला. तिच्यानंतर ते उकिरड्यावर गेलेले असतात. पुरुषांना विचारून उपयोग नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पुरुष पाहुण्याला खूश करायला बघतात, आणि ज्या गोष्टीत आपला तोटा नाही तिला सहसा हो म्हणतात.

नगरच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि मी ग्रंथपाल. प्रयोगशाळा सहायक म्हणजे बेडकांच्या बरण्या पुसणारा, सूक्ष्मदर्शकं मोजून घेणारा माणूस. प्राध्यापक त्यांना आडनावानं हाक मारत, मुलं मामा म्हणत. मी सर म्हणत असे. यावरून स्टाफरूममध्ये मला टोमणे बसायचे. ग्रंथालयात हल्ली पदव्याही मिळतात वाटतं, असं एकदा एका प्राध्यापकांनी विचारलं होतं. त्यानंतर मी मुद्दाम चारचौघांत त्यांना सर म्हणू लागले.

सकाळी सव्वापाचला ते सायकलवर निघायचे. एसटी स्टँड, दोन पेट्रोल पंप, बायपासवरचा ढाबा, मग एका मंगल कार्यालयाची भिंत. जिथं जिथं रात्रभर दिवा जळतो अशी प्रत्येक भिंत त्यांच्या ओळखीची होती. स्टँडवर झाडणाऱ्या मावशींशी त्यांचा करार झाला होता. तीन नंबरच्या फलाटाखालचा भाग सर येऊन जाईपर्यंत झाडायचा नाही. मावशी म्हणत, "साहेब इन्स्पेक्शनला आल्यावर सांगते, हा कचरा सरांचाय." मिळालेले पंख ते लग्नपत्रिकांच्या रिकाम्या पाकिटांत ठेवत. पाकीट मजबूत असतं आणि पुन्हा फुकट, हे कारण. त्यामुळे माझ्या टेबलावर कितीदा चि. आणि सौ. कां. लिहिलेली पाकिटं पडायची. आत एखादा राखी पंख असायचा आणि पाकिटावर, वधूवरांच्या नावांखाली, बारीक अक्षरात गाव, तारीख, दिव्याचा प्रकार आणि झाडणारीचं म्हणणं.

त्यांच्या बायकोला मी एकदा विचारलं होतं, घरी कसं असतं म्हणून. त्या म्हणाल्या, "घरात कोण आलंय ते यांना कळत नाही. भिंतीवर कोण आलंय ते कळतं."

दुसरी सवय एका प्रश्नाची. कुठलीही बातमी सांगा, ते शांतपणे म्हणायचे, "आलं ते दिसतंय. कसं आलं?" ग्रंथालयात नवी पुस्तकं आली तरी विचारायचे, भेट आली की मागवली. मी डब्यात हापूस आणला तरी तोच प्रश्न. नव्या प्राचार्यांबद्दल त्यांनी हेच विचारलं तेव्हा मात्र स्टाफरूममध्ये सगळे एकदम गप्प झाले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. जी गोष्ट जिथं दिसते ती तिथलीच आहे असं मानायला ते तयार नसत, एवढंच.

खरं वेड एकाच पतंगाचं. ॲटलास पतंग. मी पहिल्यांदा पाहिला तो त्यांनी जपलेल्या पंखांच्या जोडीच्या रूपात. अख्खा पतंग म्हणजे वीतभर रुंद, कधी त्याहूनही थोडा जास्त. रंग विटकरी, त्यात तांबूस, पिवळट आणि गुलाबी रेघा, आणि प्रत्येक पंखात एक त्रिकोणी जागा अशी की तिच्यात रंगच नाही. डोळ्यासमोर धरलं तर त्यातून पलीकडचं दिसतं. मी त्यातून खिडकीबाहेरचं निलगिरीचं झाड पाहिलं होतं. पुढच्या पंखाचं टोक वळलेलं असतं, बाजूनं पाहिलेल्या नागाच्या तोंडासारखं, डोळ्याच्या ठिपक्यासकट. हे टोक बघूनच लोक त्याला मारतात. भंडारदऱ्याच्या एका हॉटेलात व्यवस्थापक चप्पल घेऊन धावला होता, विषारी आहे म्हणत. यांनी मध्ये हात घातला आणि विचारलं, चावणार कशानं? कारण त्या पतंगाला खायला तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं तेवढ्यावर तो आठवडाभर जगतो, जोडीदार शोधतो, अंडी घालतो आणि संपतो. व्यवस्थापकाला हे इतकं वाईट वाटलं की त्यानं चप्पल खाली ठेवून, मग याला काही देता येणार नाही का, असं विचारलं. हा प्रसंग सांगताना सरांचा आवाज दरवेळी जरा बदलायचा.

हा पतंग पावसाच्या मुलखातला. ईशान्येकडे आहे, तिथून पुढे पार इंडोनेशियाच्या बेटांपर्यंत आहे. आपल्याकडे सह्याद्रीत. नगर जिल्ह्यात म्हणजे अकोले तालुक्याचा डोंगराळ पश्चिम भाग, बस. तिथून पूर्वेला पाऊस कमी होत जातो, झाडं बदलतात, आणि पतंग थांबतो. नेमका कुठं थांबतो, हे त्यांना शोधायचं होतं. प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या दाराला आतून जिल्ह्याचा नकाशा चिकटवलेला होता. जिथं पतंग मिळाला तिथं काळ्या शाईचा ठिपका. हे सगळे ठिपके डाव्या बाजूला, एका मुठीत मावतील एवढ्या जागेत. उरलेल्या नकाशावर पेन्सिलीच्या बारीक फुल्या.

मी एकदा विचारलं, या फुल्या कसल्या? ते म्हणाले, "तिथं गेलो, पाहिलं, नव्हता."

राहुरीला फुली, श्रीगोंद्याला, जामखेडला, शेवगावला. काही गावांवर सात-सात, आठ-आठ. हिवरे बाजारला सगळ्यांत जास्त. डोंगर पुन्हा झाडांनी भरला तसं त्यांना वाटू लागलं होतं की कधीतरी इथं येईल. दरवर्षी आषाढात जायचे. गावातली माणसं चेष्टा करायची. सर, आमच्याकडं मोर आले, हरणं आली, तुमच्या पाखराचं मन का होईना? तेही हसायचे आणि परत येऊन फुली मारायचे. तीस-पस्तीस वर्षं एक माणूस एसटीनं फिरून, अमुक गोष्ट अमुक ठिकाणी नाही, एवढंच लिहून ठेवतो, हे मला आधी विचित्र वाटत असे. पुढे पुढे मी रोज संध्याकाळी कपाट बंद करायच्या आधी तो नकाशा पाहून जायला लागले.

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना पाथर्डी तालुक्यातून एक फोटो आला. त्यांच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी तिथं शिक्षक होता. गर्भगिरीच्या पायथ्याचं छोटं गाव, कोरडवाहू, निम्म्याहून जास्त घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी. फोटोत शेणानं सारवलेली भिंत आणि तिच्यावर पंख पसरून बसलेला ॲटलास. सर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेले. पतंग तिथंच होता. मादी होती, ताजी, पंखाची कड कुठंही फाटलेली नव्हती. अख्खी आळी जमली होती. त्यांनी घरातल्या पुरुषांना विचारलं, आधी कधी पाहिलाय का? सासरे म्हणाले, व्हय तर, दरसाल येतंय. शेजारचा म्हणाला, डोंगरात लई हायेत. सरांनी विचारलं, अंगण कोण झाडतं? कळलं की सून झाडते, पण ती खुरपायला लांबच्या रानात गेलीय, दिवस मावळताना येईल. परतीची गाडी दोनला होती.

ते थांबले नाहीत. आयुष्यात एकदाच.

त्या संध्याकाळी ते ग्रंथालयात आले, माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात जाऊन बसले. वर्तमानपत्र उलटं होतं. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या दारावर, उजव्या बाजूला, त्या सगळ्या फुल्यांच्या पलीकडे, एक काळा ठिपका होता. तेव्हा पुण्याचे एक अभ्यासक महाराष्ट्रातल्या पतंगांवर मोठं पुस्तक करत होते. ते मुद्दाम नगरला आले. फोटो पाहिले, नकाशा पाहिला. म्हणाले, एवढ्या पूर्वेला, एवढ्या कोरड्या भागात हा असेल असं कुणी मानलं नव्हतं. ही नोंद तुमच्या नावानं स्वतंत्र छापू. प्रयोगशाळा सहायकाच्या नावानं. जे प्राध्यापक त्यांना आडनावानं हाक मारत ते महिनाभर तरी साहेब म्हणत होते. त्यांच्या बायकोनं मला फोन करून विचारलं, खरंच पुस्तकात नाव येणार का. मी म्हटलं, येणार. त्या पानाचं तपासणीचं मुद्रित माझ्याच पत्त्यावर आलं. मी दोनदा वाचलं. त्यांचं नाव तिरप्या अक्षरात होतं.

भाद्रपदात ते परत त्या गावी गेले. अळ्या दिसतात का, कुठल्या झाडावर दिसतात, हे पाहायला. यावेळी सून घरी होती. तिचं नाव संगीता. तिच्याशी काय बोलणं झालं ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, कारण पुढचं पत्र मला टाइप करायचं होतं.

त्यांनी नेहमीचं विचारलं, झाडताना असे पंख कधी मिळतात का? ती म्हणाली, "न्हाई. पर सर, ते पाखरू तर म्याच आनलं हुतं."

मागच्या हंगामात तिची टोळी अकोल्याकडे होती. डोंगराच्या कडेला कोप्या टाकलेल्या. कोपी म्हणजे तोडणी मजुरांची बांबू-चटईची झोपडी. लेक चार महिन्यांची होती आणि झोळीत राहायची नाही. सरपणाला गेली तेव्हा संगीताला एका वाळक्या डहाळीवर बटव्यासारखं काहीतरी लोंबताना दिसलं. हलवलं तर आत काहीतरी टुकटुक वाजलं. तिनं डहाळी तोडून आणली आणि झोळीवर खुळखुळा म्हणून बांधली. लेक गप्प राहू लागली. पाडव्याच्या सुमाराला टोळी परतली तेव्हा भांडी, कोंबड्या, चटया यांच्याबरोबर झोळी आणि झोळीबरोबर ती डहाळीही ट्रकमधून आली. आषाढात एका सकाळी त्या बटव्यातून ओलं, चुरगळलेलं पाखरू निघालं आणि बघता बघता सुपाएवढं झालं. सासू म्हणाली, बाहेर टाक. तिनं उचलून भिंतीवर ठेवलं आणि रानात गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रानातून आली तर घरात सांगत होते, नगरचे सर येऊन गेले.

"मंग तुमी सांगितलं का न्हाई?" सरांनी तिच्याच बोलीत विचारलं.

"मला कुनी इचारलंच न्हाई."

तिनं कोश दाखवला. अजून झोळीवरच होता, वरच्या टोकाला भोक पडलेला. तिनं तो सरांना देऊ केला. त्यांनी घेतला नाही. लेकीचा आहे म्हणाले.

हे सगळं सांगून त्यांनी पत्राचा मजकूर माझ्यासमोर ठेवला. नोंद रद्द समजावी. पतंग आपणहून आलेला नसून तोडणीहून परतलेल्या कुटुंबाबरोबर कोशाच्या रूपात आला. चौकशी अपुरी ठेवली ही चूक माझी.

मी टाइप करायला बसले नाही. आयुष्यात मी खोट्याची बाजू घेतलेली नाही, पण त्या दिवशी घेतली. म्हटलं, सर, आज ना उद्या तो तिथं सापडेलही. डोंगर आहे, झाडं आहेत. कुणाला कळणार आहे? पुस्तक छपाईला चाललंय. घरी काय सांगाल?

त्यांनी मजकुराचा कागद माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "बाई, मी पस्तीस वर्षं फुल्या मारल्यात. माझ्याजवळ दुसरं काही नाही. एक ठिपका खोटा ठेवला, तर त्या फुल्या खऱ्या आहेत हे मलासुद्धा वाटणार नाही."

मी पत्र टाइप केलं. दोन ठिकाणी चुकलं, पुन्हा केलं.

पुस्तक आलं. मी त्याला नोंदवहीतला दाखलांक दिला, शिक्का मारला आणि त्यांना बोलावलं. उभ्यानं त्यांनी ते पान काढलं. ॲटलास, नगर जिल्हा, फक्त अकोले. त्यांचं नाव कुठंही नव्हतं, आभारातही नाही. त्यांनी ओळ दोनदा वाचली, बरोबर आहे म्हणाले, आणि पुस्तक मला परत दिलं. कुठल्या कपाटात लावणार तेवढं मात्र विचारलं.

निवृत्तीनंतर सहा वर्षं ते पाथर्डीपासून हिवरे बाजारपर्यंत तसेच हिंडत राहिले. फुल्या वाढल्या. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. फार आजारी नव्हते. बायकोनं सांगितलं, सकाळी सायकलला टेकून उभे राहिले आणि तसेच बसले.

नकाशा त्यांनी निवृत्त होताना घरी नेला होता, तो मला मिळाला. घरी आणून मी जमिनीवर पसरला. पाथर्डीचा ठिपका त्यांनी खोडला असेल अशी माझी समजूत होती. तो खोडलेला नव्हता. ब्लेडनं मधली शाई अलगद खरवडून त्यांनी त्याचं पोकळ वर्तुळ केलं होतं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'संगीताबाईंनी आणला.' अख्ख्या नकाशावर माणसाचं नाव तेवढं एकच आहे.

पाडव्यानंतर, टोळ्या परतल्याची बातमी लागली तेव्हा, मी त्या गावी गेले. एसटीतून उतरून विचारत विचारत घर गाठलं. संगीता ओट्यावर ज्वारी पाखडत होती. लेक आता शाळेत जाते. मी कोण ते सांगितलं, सर गेल्याचं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. मग पदरानं तोंड पुसून आत गेली आणि पाणी घेऊन आली.

नकाशावरचं नाव मी तिला दाखवलं. तिनं बोटानं एकेक अक्षर लावत वाचलं आणि लाजली. मग म्हणाली की सर त्यानंतर दोनदा येऊन गेले होते, आणि तिला वाईट वाटत राहिलं होतं. आपल्या एका खुळखुळ्यापायी एवढ्या म्हाताऱ्या माणसाचं पुस्तकातलं नाव गेलं. म्हणून त्या सालापासून तिनं एक काम धरलंय. हंगाम संपला, ट्रक भरायला लागला की ती सगळ्या टोळीचं सरपण, चटया, बांबू उलटून बघते. असला बटवा दिसला की काढून तिथल्याच झाडाला दोऱ्यानं बांधून येते. टोळीतल्या बाया हसतात. मुकादम ओरडतो, ट्रक खोळंबला म्हणून. यंदा तीन सापडले.

"सरांचा नकाशा पुन्हा बिघडू ने म्हनून," ती म्हणाली.

समोर सुपातल्या ज्वारीवर चिमण्या उतरल्या होत्या, त्यांना कुणी हाकलत नव्हतं. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, जरा चाचरत, "आता सर न्हाईत. पुढल्या सालापासनं न्हाई बघितलं तर चालंल का, ताई?"

मी म्हटलं, नाही. चालणार नाही.

"मंग बघते," ती म्हणाली, आणि सूप उचललं.